गोंगाटातला ठेका

श्रोतेहो, जत्रेत मायक्रोफोन चुकून भोंग्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शीळ उठते, ती तुम्ही ऐकली असेलच. भोंग्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून बाहेर पडतो, आणि हे चक्र चालू राहते. आपण धावत जाऊन ते बंद करतो. पण काही वादक असे निघाले, की विजेच्या गिटारमधून हीच शीळ त्यांनी मुद्दाम काढली आणि तिचं गाणं केलं! अशाच एका अल्पायुषी वाद्यवृंदाची हकिगत आज सांगणार आहे. त्याचे नाव ‘द बर्थडे पार्टी’, म्हणजे वाढदिवसाची मेजवानी.

ही मंडळी ऑस्ट्रेलियातली. गायक निक केव्ह यांचा जन्म 1957 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहान गावी झाला. वडील शिक्षक, घरात पुस्तकांचा राबता. पुढे मेलबर्न शहरातल्या कॉलफील्ड ग्रामर स्कूलमध्ये मिक हार्वी, फिल कॅल्व्हर्ट आणि ट्रेसी प्यू हे सोबती मिळाले. शाळेतच वाजवायला सुरुवात झाली. 1978 मध्ये गिटारवादक रोलंड हॉवर्ड येऊन मिळाले आणि पाच जण झाले. तेव्हाचे नाव होते ‘द बॉइज नेक्स्ट डोअर’, म्हणजे शेजारची पोरं.

1980 साली ही पोरं लंडनला गेली आणि त्यांनी नवे नाव घेतले. तिथे कोण विचारतो? पैशाची ओढाताण, परका मुलूख. त्यांना हात दिला तो रेडिओने. बी. बी. सी.चे निवेदक जॉन पील यांनी त्यांना स्टुडिओत बोलावून त्यांची गाणी प्रसारित केली. 1981 मध्ये ‘प्रेयर्स ऑन फायर’ आणि 1982 मध्ये ‘जंकयार्ड’ अशा तबकड्या निघाल्या. 1981 च्याच एका गाण्याचे नाव होते ‘वटवाघळं सोडा’. गाणं बरंचसं थट्टेचं. पण मरण, अंधार, भुतंखेतं यांत रमणाऱ्या संगीताला तिकडे ‘गॉथिक’ म्हणतात, त्या पंथाने ते डोक्यावर घेतले.

आता तुम्ही विचाराल, या किंचाळण्यात ऐकायचं काय? माझं सांगणं एवढंच, की आधी खालचा आवाज ऐका. वर केव्ह ओरडत असतात, हॉवर्ड यांची गिटार करवतीसारखी कापत जाते. पण खाली प्यू यांची खर्जातली बास गिटार ठेका सोडत नाही. हार्वी तर पडेल ते काम करणारे. गिटार, पेटीसारखी सुरांची वाद्ये, आणि 1982 मध्ये कॅल्व्हर्ट बाहेर पडल्यावर ढोलसुद्धा त्यांनीच सांभाळले. वरचा गोंगाट उभा राहतो तो या खालच्या शिस्तीवर.

ही शिस्त संगीतात होती, जगण्यात मात्र नव्हती. दारू आणि हेरॉइन यांनी घर केले. प्यू यांना 1982 साली दारू पिऊन गाडी चालवणे व चोरी यांबद्दल तुरुंगात जावे लागले. मंडळी बर्लिनला गेली, पण आपसांत पटेना. 1983 च्या जूनमध्ये मेलबर्नला शेवटचा कार्यक्रम झाला आणि खेळ संपला. नव्या नावाची उणीपुरी तीन वर्षं!

प्यू पुढे विद्यापीठात शिकू लागले होते. पण 1986 मध्ये अपस्माराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं अठ्ठावीस. हॉवर्ड 2009 साली यकृताच्या कर्करोगाने गेले. केव्ह आणि हार्वी यांनी ‘बॅड सीड्स’ हा नवा वृंद उभारला आणि हार्वी त्यात 2009 पर्यंत राहिले. कुणी म्हणतात, व्यसनाशिवाय असलं संगीत निघत नाही. हे खरं मानू नका. व्यसनाने संगीत दिले नाही. वादक मात्र हिरावून नेला.

शिक्षक मित्रहो, मागच्या बाकावर डबा बडवणारी पोरं तुमच्याही वर्गात असतील. त्यांना गप्प जरूर करा. पण त्याआधी घटकाभर कान द्या. त्यातल्या एखाद्याचा ठेका पक्का असेल. तो कोण, हे हेरून ठेवा, आणि शाळा सुटल्यावर त्याला जवळ बोलवा.