उघडी पाटी आणि बंद पेटी

एखाद्या घरांतला जुना संगणक एके दिवशीं सुरूच होत नाहीं. दुरुस्तीचा खर्च करावा इतकी त्याची किंमत उरलेली नसते. परंतु त्याच्या पोटांत जी हार्ड डिस्क आहे, तिच्यावर आजोबांच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें आहेत, मुलीच्या बारशापासूनचीं छायाचित्रें आहेत आणि दहा-बारा वर्षांचा हिशेब आहे. यंत्र गेलें याचें दुःख कोणालाच होत नाहीं. आंतली ठेव जाईल कीं काय, ही धास्ती मात्र सर्वांना असते.

अशा वेळीं ती डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडतां येते. बाजारांत तयार मिळणाऱ्या डब्यांत ती बसविली तरी काम भागतें, हें खरें. परंतु त्या डब्याच्या आंत काय घडतें हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, तर प्रात्यक्षिकाची उघडी सर्किट-पाटी मांडणें उत्तम. नवा घटक बाजारांत आणतांना कारखानदार बहुधा अशी एक पाटीहि काढतात. तिच्यावर सर्व जोड मोकळे असतात, तिचा नकाशा प्रसिद्ध केलेला असतो, आणि पाहणाऱ्याला विजेचा व माहितीचा मार्ग बोटानें दाखवितां येतो. इंग्लंडमधील रास्पबेरी पाय या संस्थेनें २०२० च्या ऑक्टोबरांत ‘कम्प्यूट मॉड्यूल ४’ नांवाचा घटक आणला, तेव्हां त्याच्या सोबत अशीच एक पाटी दिली होती. घटक अवघा ५५ मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद. पाटी त्याहून कितीतरी मोठी. तिच्यावर पडद्याचे, जाळ्याचे आणि विजेचे जोड आहेतच. शिवाय पीसीआय एक्सप्रेस जातीची एक खांचहि आहे. प्रस्तुत प्रयोगांत महत्त्व आहे तें या खांचेला.

डिस्क आणि संगणक यांच्यामधील संभाषणाचा इतिहास फार जुना नाहीं. १९५६ मध्यें आय्. बी. एम्. कंपनीनें पहिलें चक्रसंग्रहाचें यंत्र विकावयास काढलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरें मावत. पुढें तबकड्या लहान झाल्या, पेटी हातांत मावूं लागली. तिला संगणकाशीं जोडणारी तार मात्र बराच काळ रुंद फितीसारखी असे. माहितीचे सोळा अंश सोळा वाटांनीं एकदम धांवत. वेग वाढला तसे हे सोळा धावपटू एका क्षणीं पोंचेनासे झाले. म्हणून २००३ पासून ‘साटा’ ही पद्धति रूढ होऊं लागली. तिच्यांत अंश एकामागून एक जातात, पण इतक्या वेगानें, कीं फितीपेक्षां अधिक माल पोंचतो. तिच्या अरुंद तारेंत सात संपर्क असतात. जाण्यासाठीं दोन, येण्यासाठीं दोन, आणि उरलेले तीन भूमीचे. जोडींतील एका तारेवर जो संकेत जातो, त्याचा उलट संकेत दुसरीवर जातो. बाहेरचा गोंगाट दोहोंवर सारखाच पडत असल्यानें त्यांतील फरक घेतां तो बहुतांशीं नाहींसा होतो.

आतां मांडणीकडे वळावें. पाटी लोखंडी टेबलावर तशीच ठेवूं नये. तिच्या खालच्या बाजूस डाख दिलेलीं टोकें उघडीं असतात. कोपऱ्यांच्या भोकांत लहान पाय बसवून ती उचलून धरावी, आणि हाताळतांना कडांनींच धरावी. कोरड्या हवेंत माणसाच्या अंगावर सांचलेली वीज त्याला जाणवलीहि नाहीं तरी सूक्ष्म घटकाला मारक ठरते. विजेचा पुरवठा तोडलेला असतांनाच मॉड्यूल बसवावें. त्याच्या खालीं शंभर-शंभर संपर्कांचे दोन जोड आहेत. ते वरच्यावर नीट जुळवून दोन्हीं बाजूंना सारखा दाब द्यावा. मग खांचेंत साटाचें नियंत्रक-पत्र उभें करावें आणि त्यापासून डिस्कपर्यंत सात संपर्कांची तार न्यावी. पेटीच्या आंतील तारेची लांबी एक मीटरहून अधिक असूं नये. बाहेरच्या जोडणीसाठीं केलेल्या ई-साटा जातीच्या तारेस दोन मीटरपर्यंत मुभा आहे. मात्र मूळच्या ई-साटा तारेंतून विजेचा पुरवठा होत नाहीं, हें विसरूं नये.

येथेंच नवशिक्याची पहिली आणि सर्वांत महाग चूक होते. पाटीला १२ व्होल्टचा पुरवठा दिला म्हणजे डिस्कलाहि तो आपोआप मिळेल, असें त्याला वाटतें. खांचेतून पत्राला वीज मिळते, डिस्कला नाहीं. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन दाब लागतात. अडीच इंची डिस्क बहुधा ५ व्होल्टवरच चालते. मोठी डिस्क थांबलेल्या तबकड्या फिरवूं लागते, त्या पहिल्या कांहीं सेकंदांत १२ व्होल्टच्या तारेवरून सुमारें दोन अँपिअर इतका प्रवाह ओढते. दुबळा पुरवठा त्या क्षणीं खचतो, डिस्क अर्धवट फिरून थांबते, पुन्हां प्रयत्न करते आणि पुन्हां थांबते. पाहणाऱ्याला वाटतें डिस्क मेली. वस्तुतः ती उपाशी असते.

दुसरी चूक याहून घातक. संगणकाच्या विद्युत्पुरवठ्याच्या पेटींतून सुट्या होणाऱ्या तारा एका कारखान्याच्या असोत वा दुसऱ्याच्या, त्यांचीं टोकें कित्येकदां सारखीं दिसतात. परंतु आंतील संपर्कांचा क्रम निराळा असूं शकतो. परक्या पेटीची तार लावली आणि ५ व्होल्टच्या जागीं १२ गेले, तर डिस्कवरील सर्किट क्षणांत जळतें. पिवळी तार १२ ची, तांबडी ५ ची, काळी भूमीची, हा संकेत सर्वत्र चालत आला आहे. तरी रंगावर विसंबूं नये. डिस्क लावण्यापूर्वीं व्होल्टमापक लावून पाहावें. त्याला अर्धें मिनिट लागतें. आजोबांचा आवाज परत मिळविण्यास कोणतीहि मुदत पुरत नाहीं.

वीज सुरू झाल्यावर पाटी आणि डिस्क यांच्यांत जें घडतें तें मोठें मौजेचें आहे. नियंत्रक प्रथम ‘कॉमरीसेट’ नांवाची हांक देतो. डिस्क जागी असेल तर ‘कॉमइनिट’ म्हणून ओ देते. मग दोघेहि ‘कॉमवेक’ हा संकेत एकमेकांस देतात आणि दोघांना झेपेल असा वेग ठरवितात: सेकंदाला दीड, तीन किंवा सहा अब्ज अंश. अनोळखी माणसांनीं आधीं नमस्कार करावा आणि मगच कामाचें बोलावें, तशी ही रीत आहे. तार सैल असेल तर हा नमस्कारच पुरा होत नाहीं, किंवा वेग उतरवून घ्यावा लागतो. कार्यप्रणालीच्या नोंदवहींत हें सर्व उमटलेलें असतें. म्हणून डिस्क दिसत नाहीं असें म्हणण्यापूर्वीं ती नोंद वाचावी. या पाटीच्या पहिल्या दिवसांत तिच्या नेहमींच्या कार्यप्रणालींत साटाचा चालक समाविष्ट नव्हता, आणि शौकिनांना तिचा गाभा नव्यानें बांधून घ्यावा लागे. पुढें ती अडचण दूर झाली. पाटीवरील यूएसबीचे जोडहि वीज वांचविण्यासाठीं मूळांत बंद असतात, ते एका ओळीच्या सूचनेनें उघडावे लागतात. कळफलक चालेना म्हणून पाटी सदोष ठरविणाऱ्यानें ती ओळ आधीं तपासावी.

डिस्क दिसूं लागली, कीं मोह होतो तो लगेच छायाचित्रें उघडून पाहण्याचा. तो आवरावा. जुनी डिस्क प्रथम केवळ वाचनापुरतीच जोडावी, म्हणजे तिच्यावर चुकूनहि कांहीं लिहिलें जाणार नाहीं. तिच्यांतून टकटक असा आवाज येत असेल, तर वीज ताबडतोब बंद करून ती तज्ज्ञाकडे द्यावी. तबकडीवरून केसापेक्षांहि कितीतरी कमी अंतरावर तरंगणारें टोंक बिघडलें असेल, तर प्रत्येक फेऱ्यागणिक नुकसान वाढतें. आवाज नसेल तर संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या, तेवढ्या किंवा मोठ्या डिस्कवर करावी. ‘डीडीरेस्क्यू’ नांवाची आज्ञावली या कामीं उपयोगी पडते. ती धडका भाग आधीं उचलते, खराब भाग मागाहून घेते, आणि कोठवर काम झालें याची नोंद ठेवते. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागत नाहीं. पाटीवरील खांच सेकंदाला कमाल ५०० मेगाबाइट पोंचवूं शकते; घरांतली जुनी डिस्क बहुधा त्याच्या निम्म्यानेंहि देत नाहीं. तेव्हां उशीर होतो तो पाटीमुळें नव्हे, हें जाणून धीर धरावा.

काम संपल्यावर तार ओढूं नये. लिहिलें गेलेंसें दिसणारें बरेंच कांहीं अद्याप स्मृतींत थांबलेलें असतें. कार्यप्रणालीला डिस्क सोडण्यास सांगावें, तबकड्या थांबूं द्याव्या, मग जोड काढावा.

नकलेवरून पहिलें ध्वनिमुद्रण वाजूं लागतें आणि आजोबा नातीला नांवानें हांक मारतात, तेव्हां टेबलावरील पाटीकडे कोणाचेंच लक्ष नसतें. तिचे लहान दिवे तसेच लुकलुकत राहतात. त्याच संध्याकाळीं आणखी एक नक्कल करून ती दुसऱ्या नातलगाच्या घरीं ठेवावी, म्हणजे पुन्हां अशी धास्ती बाळगण्याची पाळी त्या घरावर येणार नाहीं.