गणित दिन साजरा करू या, पण आपल्या हातांनी

(राष्ट्रीय गणित दिनाच्या पूर्वतयारीसाठी झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग.)



श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. त्यांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त २०१२ हे वर्ष राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून पाळले गेले आणि २२ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय गणित दिन ठरला. आज गावोगावच्या शाळांतून तो साजरा होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो कसा साजरा होतो, याचा विचार आपण करावयास हवा.

अनेक ठिकाणी गणित दिन म्हणजे प्रतिकृतींचे प्रदर्शन असते. आदल्या संध्याकाळी पालक दुकानात जातात आणि तयार प्रतिकृती विकत आणतात. चमकीचा कागद, प्लास्टिकची फुले, वर मुलाचे नाव. दुसऱ्या दिवशी फोटो निघतात आणि तिसऱ्या दिवशी ते सारे उकिरड्यावर जाते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली, तरी तो पांढरा कचरा काही ठिकाणी अजून डोकावतोच. कायदा आपले काम करील. पण ज्या मुलाने हाताने काहीच केले नाही, त्याला गणित तरी किती भेटले? आणि ज्या मुलाच्या वडिलांना ती प्रतिकृती परवडली नाही, ते मूल त्या दिवशी कोठे उभे राहिले? या दोन प्रश्नांपुढे कचऱ्याचा प्रश्नही लहान वाटू लागतो.

रामानुजन स्वतः कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणिते करीत आणि कोपराने पुसून पुढे जात. त्यांची जयंती उधळपट्टीने साजरी होऊ शकत नाही. म्हणून घरातल्या वस्तूंतून, एक पैसाही खर्च न करता करता येतील अशा काही गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो.

सरत्या वर्षाची दिनदर्शिका

डिसेंबरच्या अखेरीस प्रत्येक घरात एक वस्तू निरुपयोगी होत असते. ती म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. तिच्यातील १ ते १६ तारखांचे चौकोन कापून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर कणकेच्या खळीने चिकटवा. मुलांना सांगा, चार ओळींत असे मांडा की आडवी, उभी, तिरपी कोणतीही बेरीज ३४ यावी. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात असा चौरस कोरलेला आहे. त्याची पहिली ओळ ७, १२, १, १४. दुसरी २, १३, ८, ११. तिसरी १६, ३, १०, ५ आणि चौथी ९, ६, १५, ४. पण उत्तर आधी सांगू नका. मुलांना झगडू द्या.

रामानुजन यांच्या जन्मतारखेचाही असा एक चौरस प्रसिद्ध आहे. त्याची पहिली ओळ २२, १२, १८, ८७ अशी असून बेरीज १३९ येते. प्रत्येक मुलाने आपल्या जन्मतारखेची अशी ओळ घेऊन बेरीज काढावी आणि चौरस पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा. आजी-आजोबांच्या वाढदिवसाला देण्यास याहून सुंदर शुभेच्छापत्र कोणते?

दोरी, कागद आणि रांगोळी

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखण्यासाठी दोरीने मापन करण्याचे जे शास्त्र, ती शुल्बसूत्रे. सुतळीला समान अंतरावर तेरा गाठी मारा, म्हणजे बारा भाग होतील. पहिली व शेवटची गाठ एकत्र धरून तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू ताणल्या की काटकोन तयार होतो. आजही आपला गवंडी पाया आखताना तीन-चार-पाच फूट मोजूनच काटकोन तपासतो. त्या दिवशी वस्तीतील एखाद्या गवंड्याला, सुताराला सन्मानाने शाळेत बोलवावे. त्याच्या हातातील गुण्या आणि ओळंबा हे गणितच आहे. समरसता भाषणांनी येत नाही, ती अशा प्रसंगांनी येते.

दुसरी गोष्ट कागदाची. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते शिकागोहून प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्राचा चौरस घ्या. मधोमध उभी घडी घालून उघडा. आता खालचा उजवा कोपरा मधल्या घडीवर असा आणा की नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून जाईल. कोपरा जेथे टेकला तो बिंदू आणि खालचे दोन कोपरे जोडा. समभुज त्रिकोण तयार! पट्टी नाही, कंपास नाही. असे का झाले, हे मुलांनाच विचारा. कागदाची बाजूच फिरून तेथे आली, हे ज्याला उमगले त्याला भूमिती उमगली.

तिसरी गोष्ट माता-भगिनींची. ‘सात ते चार’ ठिपक्यांची रांगोळी आपण सर्वांनी काढली आहे. मधल्या ओळीत सात, तिच्या वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ठिपके ३७. त्याहून लहान ‘पाच ते तीन’चे १९, ‘तीन ते दोन’चे ७ आणि एकच ठिपका १. चिंचोके मांडून ही बेरीज करा: १, ७, १९, ३७ मिळून ६४, म्हणजे चाराचा घन. कोठेही थांबलात तरी बेरीज घनच येते! आपल्या अंगणात किती गणित दडले आहे, हे मुलीला आईकडूनच कळू द्या. रंगांसाठी हळद, कुंकू, गेरू आणि तांदळाचे पीठ पुरे. उरलेले पीठ मुंग्या आणि चिमण्या नेतील.

देवळालीचे गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र सारे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. दिनदर्शिकेतील अंकांच्या पत्त्यांनी हा खेळ पहिलीतले भावंडही बघत बसते. कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्याही सांगितल्या. अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद. रामानुजन यांची १७२९ अशीच आहे: अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. कुंभकोणम् आणि देवळाली येथे भेटतात.

अभिमान प्रमाणावर उभा असावा

एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. या दिवशी आपल्या परंपरेचा गौरव जरूर व्हावा, पण जे नाही ते तिच्या नावावर चढवू नये. आर्यभटाने परीघ आणि व्यासाचे गुणोत्तर ६२८३२ भागिले २०००० असे दिले आणि ते ‘आसन्न’ म्हणजे जवळपास आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदविले. हा प्रामाणिकपणाच आपला वारसा आहे. थाळीभोवती दोरा गुंडाळून मुलांनी हे गुणोत्तर मोजावे आणि आपले उत्तर किती चुकले तेही लिहावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठाला दिलेल्या दानाचा १२०७ मधील शिलालेख आहे. आपल्या पूर्वजांनी गणिताचा गौरव केला तो शिकविण्याची व्यवस्था लावून.

म्हणून या २२ डिसेंबरला तीन गोष्टी ठरवू या. विकतची एकही प्रतिकृती शाळेत येणार नाही. प्रत्येक वस्तू मुलाने स्वतः केलेली असेल आणि ‘हे असे का’ हे त्याला सांगता येईल. आणि आपल्या शाळेबरोबर एका सेवावस्तीतील अभ्यासिकेतही हाच कार्यक्रम होईल, तेच चिंचोके, तीच सुतळी घेऊन. तेथे कोणाचे मूल श्रीमंत आणि कोणाचे गरीब, हे कोणालाही ओळखता येणार नाही. संध्याकाळी वर्ग झाडताना सुपलीत फक्त कागदाचे कपटे आणि थोडी हळद निघाली, तर उत्सव नीट झाला असे समजावे.

भारतमाता की जय!