संकेतस्थळास व्यवस्थापन-प्रणाली हवी काय?

संकेतस्थळ उभारावयाचें ठरलें, कीं वर्डप्रेससारखी आशय-व्यवस्थापन प्रणाली घ्यावी काय, हा प्रश्न उभा राहतोच. २००३ सालीं निघालेली वर्डप्रेस विनामूल्य मिळते. पण तिची राखण फुकट होत नाहीं. मूळ प्रणाली व तिला जोडलेलीं प्लगइन्स वेळोवेळीं अद्ययावत् न केल्यास चोरवाट उघडी राहते, आणि एके दिवशीं आपल्याच पाटीखालीं परक्याचा मजकूर झळकतो. म्हणून प्रथम विचारावें : मजकूर किती वेळां बदलणार, तो बदलणारे कोण, आणि राखण कोण करणार? संगणकाची भाषा न जाणणारे चार संपादक जेथें नित्य लिहितात, तेथें ही प्रणाली वरदानच ठरते. वर्षाकाठीं एकदां दरपत्रक बदलणाऱ्या दुकानदारास मात्र साधीं एचटीएमएल पृष्ठेंच पुरेशीं आहेत.