बँकेचा पाया : सचोटी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मिरज येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



बँक विश्वासावर उभी असते, असे आपण नेहमी ऐकतो. ठेवीदारांचा पैसा तिजोरीत पडून नसतो. तो कर्जरूपाने बाहेर गेलेला असतो. सर्वांनी एकाच दिवशी तो परत मागितल्यास उत्तम बँकही अडचणीत येईल. म्हणून बँकेतील भ्रष्टाचार ही केवळ नीतीची बाब नव्हे. एका खोट्या नोंदीने सर्वांच्याच ठेवी धोक्यात येतात.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. मिरज-पुणे लोहमार्गावरील कऱ्हाडचे नाव धारण करणारी बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. रोखे विकल्याच्या पावत्या बँका एकमेकींस देत असत. या बँकेने हाती रोखे नसताना दलालांकरिता तशा पावत्या दिल्या. त्यांच्या बळावर उभारलेला पैसा शेअर बाजारात गेला. घोटाळा उघडकीस येताच त्या पावत्या निव्वळ कागद ठरल्या. पुढे १९९४ साली बँक ऑफ इंडियाने ती बँक ताब्यात घेतली.

२०१९ साली मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची तीच गत झाली. बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहास दिलेले, आणि ते लपविण्यासाठी हजारो बनावट खाती! २३ सप्टेंबर रोजी निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती.

ठेवींना १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे. २०२० साली त्याची मर्यादा ५ लाख रुपये झाली. परंतु विमा हा बुडाल्यानंतरचा आधार होय. बुडू न देणे हे सभासदांचे काम आहे.

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. सहकारी बँकेच्या निवडणुकीत 'उमेदवार आपल्या ज्ञातीचा आहे ना?' एवढेच आपण पाहतो, आणि वार्षिक सभेत चहा घेऊन परततो. थकीत कर्जे किती, लेखापरीक्षकाने कोणते शेरे मारले, हे विचारणे आपणांस आपल्या माणसाचा अपमान वाटतो. वस्तुतः प्रामाणिक संचालकास अशा प्रश्नांचे भय नसते. भय असते ते दुसऱ्यालाच.

ज्ञातीचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु विधवेची ठेव आणि मुलीच्या लग्नाची पुंजी सांभाळणाऱ्याची निवड सचोटी पाहूनच करावी. पुढील वार्षिक सभेस अहवाल वाचून जा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.