औषधांचा शोध, यंत्र आणि आपली मुले
(जांब समर्थ येथील वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. बियाणेवाले कितीतरी संकर लावून पाहतात, तेव्हा एखादे वाण हाती लागते. औषधाचेही तसेच आहे. रसायनशास्त्रज्ञ शेकडो संयुगे बनवतो, प्रत्येक पारखतो आणि बहुतेक टाकून देतो. यात बनवण्याचे काम फार वेळ खाते. मिसळा, तापवा, गाळा, धुवा, आणि पुन्हा पहिल्यापासून!

अमेरिकेतील ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली यावर तोड काढली. अमिनो आम्लांची साखळी त्यांनी राळेच्या बारीक मण्यांना बांधली. द्रावण ओतायचे, मणी धुवायचे. साखळी मण्यांवरच राहते. काम एकाच साच्याचे झाले, म्हणून ते यंत्राकडे सोपवता आले. १९६९ मध्ये या पद्धतीने १२४ कड्यांचे रायबोन्यूक्लिएज हे विकर तयार झाले. १९८४ मध्ये मेरिफिल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही डॉ. अमोल कुलकर्णी यांनी बारीक नळ्यांतून अखंड वाहत्या द्रावणात क्रिया घडवण्याच्या तंत्रावर काम केले. २०२० साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

परंतु रुग्णांवरील चाचण्यांची वर्षे यंत्र वाचवत नाही. शिवाय औषध सापडले म्हणजे ते गरिबाला मिळेलच असेही नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत ‘सिप्ला’ स्थापन केली. त्यांचे चिरंजीव डॉ. यूसुफ हमीद केंब्रिजला रसायनशास्त्र शिकले. एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये त्यांनी तीच औषधे ३५० डॉलरात देऊ केली. ही विद्येची आणि माणुसकीची जोड आहे.

पालकांनो, दहावी झाली की ‘मुलीला एवढे पुरे’ असे म्हणू नका. तिला विज्ञान घ्यायचे असेल तर घेऊ द्या. विद्यार्थ्यांनो, वहीत प्रयोग उतरवून भागणार नाही. परीक्षानळी स्वतः हाती धरा, चुकले तर का चुकले ते गुरुजींना विचारा. यंत्र सांगितलेले काम रात्रभर करील. काय करावयाचे हे सांगणारा मात्र शिकलेला माणूसच लागतो. तो आपल्या घनसावंगी तालुक्यातून का येऊ नये?