पेशीला थांबवते कोण?

श्रोतेहो, कांद्याचे बूड चार दिवस पाण्याला टेकवून ठेवा. पांढऱ्या मुळ्या फुटतील. त्यांच्या टोकाशी पेशी भराभर विभागत असतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर गुरुजींनी टोक रंगवून मुलांना जरूर दाखवावे. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६. आधी प्रत्येकाची नक्कल तयार होते, मग सारी मधोमध रांगेने उभी राहतात आणि दोहींकडे सोळा-सोळा ओढली जातात. भावाभावांतही इतकी चोख वाटणी होत नाही!

पण खरी मौज थांबण्यात आहे. बोटाला विळा लागला, की कडेच्या पेशी वाढतात. जखम भरली, की थांबतात. त्यांना थांबवते कोण? अमेरिकेतील लेलंड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर प्रयोग केले. क्ष-किरणांनी गुणसूत्रांना इजा झाली, तर पेशी विभाजन रोखते, दुरुस्ती करते, मगच पुढे जाते. पूर्वी जकातनाक्यावर गाडी अडवून माल तपासत ना, तसेच हे. पेशीचक्रावरील कामाबद्दल हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पेशींतही असे नाके आहेत. तिथला एक पहारेकरी म्हणजे पी-५३ हे प्रथिन. बिघाड दुरुस्तीपलीकडचा असेल, तर ते त्या पेशीला मरायलाच लावते. तंबाखूतली द्रव्ये नेमके या पहारेकऱ्याचे जनुक बिघडवू शकतात. मग सदोष पेशी विभागतच राहते, तिच्या लेकी-नातीही तशाच; हाच कर्करोग. बार धरता त्या जागी पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.