गूळपाण्यातला समुद्र

 

इस्रायलमधल्या दिमोनात ऑगस्टमध्ये कुणी संमेलन ठेवते का, असे काहींनी मला फोनवरच सुनावले. पण मुलांना सुट्टी याच दिवसांत असते. शिवाय विषय हवामान आणि विजेचा असताना उन्हाला टाळणार कसे?

दारात कोकणी रीतीने गूळपाणी दिले. गूळ मुंबईचा, पाणी मात्र बरेचसे भूमध्य समुद्राचे. सोरेक, अश्केलोन, हदेराच्या प्रकल्पांत खारे पाणी प्रचंड दाबाने पातळ पडद्यांतून गाळतात. हजार लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज लागते. समुद्राने आपल्या मराठी ज्यूंच्या पूर्वजांना कोकणातल्या नावगावच्या किनाऱ्यावर फेकले, असे आजी सांगायची. तिचा नातू समुद्रच पितो, हे तिला पटले नसते.

पाऊस बेभरवशाचा, म्हणून पाण्यासाठी वीज. ऊन वाढले, म्हणून एसीसाठी वीज. इथून घाट उतरला की मृत समुद्राकाठचे सदोम. २०१९च्या जुलैत तिथे पारा ४९.९ अंशांवर गेला. २०१०च्या डिसेंबरात, पाऊस लांबलेला असताना, उत्तरेकडच्या कार्मेल डोंगराचे रान पेटले आणि ४४ माणसे गेली. डिसेंबरात!

तसे आपण ऊन वापरायला फार आधी शिकलो. १९७३च्या तेलटंचाईचा चटका बसला आणि १९८०मध्ये नव्या घरांवर दूद शेमेश, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा बंब, सक्तीचा झाला. आई त्याला शेवटपर्यंत ‘बंब’च म्हणायची. लाकूड नको, धूर नको, याचे तिला भारी कौतुक. पण त्याच छपराखालचा एसी चालतो तो मुख्यतः तामार आणि लेव्हियाथान या समुद्रातल्या साठ्यांच्या नैसर्गिक वायूवर. वायू कोळशापेक्षा बरा, हे खरे. तरी जाळायचा तो जाळायचाच. आशालीमचा सौर मनोरा नेगेव वाळवंटात लांबूनही डोळे दिपवतो. २०३०पर्यंत ३० टक्के वीज सूर्य-वाऱ्यापासून घ्यायचे सरकारने ठरवले आहे. आमच्या इमारतीच्या बैठकीत मात्र सौरपॅनेलचा ठराव दोनदा बारगळला. गच्ची कुणाची, यावरच चहा संपला. आजच्या वक्त्यांनी त्यावरही बोलावे, ही यजमान म्हणून विनंती.

जाता जाता एक सूचना. सभागृहाचा एसी २५ अंशांवर ठेवला आहे. मागच्या रांगेतल्यांनी रिमोट शोधू नये. तो माझ्या खिशात आहे.